पंजे मिटून बसलेला बाप

६ जुलै
'ओल्ड मॅन लोगन' पुन्हा वाचायला घेतलं. लेखन मार्क मिलरचं, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हनची. २००८-०९मध्ये मार्व्हलच्या 'वुल्व्हरिन' मालिकेत, ६६ ते ७२ या अंकांत ही गोष्ट आली आणि आठवा, शेवटचा भाग वेगळ्या जाड अंकात. पुस्तक देताना भाचा म्हणाला होता, "मावशी, पंजे कधी निघतात याची वाट बघत बसू नकोस. फार उशिरा निघतात."

जग बुडाल्याला पन्नास वर्षं झाली आहेत. सगळे खलनायक एकत्र आले, त्यांनी नायकांना मारलं आणि अमेरिका आपापसांत वाटून घेतली. कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या ओसाड माळावर म्हातारा लोगन, म्हणजे एकेकाळचा वुल्व्हरिन, बायको मॉरीन, मुलगा स्कॉटी आणि मुलगी जेड यांच्यासोबत राहतो. जमीन त्याची नाही, तो कूळ आहे. जमीनदार म्हणजे हल्कचं खानदान, आणि खंड थकला आहे. वसुलीला हल्कची नातवंडं येतात आणि बायकोमुलांच्या देखत त्याला तुडवतात. तो हात उचलत नाही.

७ जुलै
तुडवण्याचा तो प्रसंग आज परत पाहिला. मॅकनिव्हन चौकटी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या पसरतो. वर रिकामं आभाळ, खाली रिकामी जमीन, मधे इवलीशी माणसं. मदतीला कोणी येणं शक्य नाही, हे लिहून सांगावं लागत नाही. ज्याची हाडं ॲडमँटियम या अभेद्य धातूची, ज्याची जखम बघता बघता भरून येते, तो माणूस मार खातो. मार त्याला नवा नाही, पण मुलं बघताहेत.

भयकथेत राक्षस येऊन जातो. इथे तो दर महिन्याला वसुलीला येतो, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचं नाव माहीत आहे.

९ जुलै
जुन्या नायकांतला एक, आता आंधळा झालेला हॉकआय येतो. एक पेटी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायची आहे, वाट दाखवायला डोळस सोबती हवा, आणि मोबदल्यात खंड फिटेल एवढे पैसे. लोगन निघतो, पण मारामारी करणार नाही या अटीवर. लास वेगासपाशी थॉरचा हातोडा जमिनीत रुतून पडला आहे, लोक तिथे येऊन नायक परत यावेत म्हणून प्रार्थना करतात. पुढे जायंट-मॅनचा अवाढव्य सांगाडा. व्हेनमने झपाटलेला डायनोसॉर मागे लागतो तो भाग मी भरभर उलटला, तिथे मिलरला मौज सुचली आहे एवढंच.

थांबले ती हॉकआयच्या मुलीपाशी. ॲशली खलनायक किंगपिनच्या कैदेत आहे असं कळतं आणि बाप वाट वाकडी करून तिला सोडवायला जातो. सुटका होताच ती किंगपिनचं मुंडकं उडवते, त्याची गादी बळकावते आणि बापालाच मारायला उठते. तो कसाबसा निसटतो. या गोष्टीत बाप दोन आहेत, हे पहिल्या वाचनात माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकाला मुलं सुखरूप ठेवायची आहेत आणि दुसऱ्याला कळतं की आपण वाचवलेली मुलगी आपली राहिलेलीच नाही.

११ जुलै
पाचवा भाग. रात्री उशिरापर्यंत हाच डोक्यात होता.

लोगन का लढत नाही, याचं उत्तर इथे येतं. पन्नास वर्षांपूर्वी खलनायकांनी एक्स-मेनच्या वाड्यावर हल्ला केला. लोगन एकटा उभा राहिला, एकेकाला कापत गेला. शेवटचा बुल्सआय. तो पडला, तेव्हा भास रचणाऱ्या मिस्टेरिओने मायेचा पडदा दूर केला आणि बुल्सआयच्या जागी ज्युबिली पडलेली दिसली. ज्यांना त्याने मारलं ते सगळे त्याचेच होते. हल्ला करणारं कोणी आलंच नव्हतं.

मग तो रुळावर डोकं ठेवतो. आगगाडी वरून जाते, तरी हा मरत नाही. ज्याची प्रत्येक जखम भरते त्याला सुटका नाही. मिलरच्या साऱ्या लिखाणात इतकं निर्दय मला काही आठवत नाही. त्या दिवसापासून वुल्व्हरिन मेला, उरला तो लोगन. अंगणात मार खाणारा माणूस भेकड नव्हता. आपले हात उचलले की काय होतं, हे त्याने पाहिलेलं होतं.

१३ जुलै
सहावा आणि सातवा भाग. पेटी पोचते, पण घेणारे फितूर निघतात आणि हॉकआय मारला जातो. लोगन खलनायकांच्या म्होरक्याचं, रेड स्कलचं मुंडकं उडवतो ते कॅप्टन अमेरिकाच्या ढालीने, पंजे अजूनही मिटलेलेच. पैसे घेऊन आयर्न मॅनचं चिलखत चढवून तो घरी उडत येतो. मुदत टळलेली नाही, खंड हातात आहे.

दारात शेजारी उभा. मॉरीन, स्कॉटी, जेड गेले. हल्कच्या पोरांनी वाट न बघता त्यांना मारलं. का? तर कंटाळा आला म्हणून.

या कारणापाशी माझ्या अंगावर काटा येतो. वैर असतं, लोभ असता, तर माणूस स्वतःला बजावू शकला असता की मी असं केलं असतं तर वाचले असते. कंटाळ्याने मारलं म्हटल्यावर बापाच्या पन्नास वर्षांच्या संयमाचा आणि वेळेत आणलेल्या पैशाचा कशाशीच संबंध उरत नाही. पुढचं पान उलटलं की जोडपानभर एकच चित्र, दोन्ही हातांचे पंजे बाहेर. इतक्या पानांनंतर ती पाती दिसतात तेव्हा आपल्याला बरं वाटतं, आणि तीन प्रेतं मागे असताना बरं वाटलं याची लाज लगेच वाटते. दोन्ही मिळूनच ते पान होतं.

१४ जुलै
आज दिवसभर पाऊस. द्रोणपर्व काढून बसले होते. अभिमन्यू पडल्यावर अर्जुन प्रतिज्ञा करतो: उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथ, नाहीतर मी अग्नीत. लहानपणी हे ऐकताना सूर्य झाकतो आणि उघडतो तिथे आम्ही टाळ्या पिटायचो. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नसे. जयद्रथाचं मस्तक जो जमिनीवर पाडेल त्याच्या मस्तकाच्या चिंधड्या होतील, असं त्याच्या बापाने, वृद्धक्षत्राने म्हणून ठेवलेलं. म्हणून अर्जुन ते मस्तक बाणांनी उडवत नेऊन संध्या करत बसलेल्या वृद्धक्षत्राच्याच मांडीवर टाकतो. म्हातारा दचकून उठतो, मस्तक खाली पडतं, तोही मरतो.

एका बापाने मुलाचा सूड घेतला आणि तो दुसऱ्या बापाच्या मांडीवर जाऊन पडला. व्यासांनी ते लपवलेलं नाही. लोगनच्या सूडात समोर असं कोण आहे, हे आता आठव्या भागात पाहायचं.

१६ जुलै
पाहिलं. समोर म्हातारा ब्रूस बॅनर आहे, साऱ्या खानदानाचा आजोबा. लोगन एकेक नातू कापत जातो. शेवटी बॅनर हल्क होऊन त्याला खातो, आणि लोगन आतून पोट फाडून बाहेर येतो. भयकॉमिकचा पैसा इथे पुरेपूर वसूल होतो, पण माझं मन तिथे रमलं नाही. नातू इतके किळसवाणे रंगवले आहेत की त्यांच्या मरणाचं काही वाटूच नये, आणि तसं वाटू न देणं हे मिलरने स्वतःचं काम सोपं करणं आहे. एक गोष्ट मात्र नेमकी: वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसला तोच १९७४ साली, 'द इन्क्रेडिबल हल्क'च्या १८०व्या अंकातल्या शेवटच्या चौकटीत, हल्कशी झुंजायला. पात्र जिथून आलं तिथेच त्याला परत नेलं आहे.

आणि मग ते बाळ. हल्कच्या गुहेत एक तान्हं उरतं, हिरवं, बॅनरचंच. लोगन त्याला मारत नाही. पाठीवर बांधून घोड्यावर निघतो. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांच्या 'लोन वुल्फ अँड कब'ची आठवण टाळता येत नाही. १९७० ते ७६ चाललेली, अठ्ठावीस खंडांची ती जपानी चित्रकथा. बायकोच्या खुनानंतर शोगुनचा वधिक ओगामी इत्तो लहानग्या दाइगोरोपुढे चेंडू आणि तलवार ठेवतो, पोर तलवारीकडे रांगतं, आणि बाप त्याला गाड्यात घालून सुडाच्या वाटेला लागतो. तिथला बाप स्वतःच्या मुलाला वैरात ओढतो. लोगन वैऱ्याचं पोर वैरातून बाहेर काढतो. माझ्या मते आठव्या भागातलं हेच एक पान सातव्या भागाच्या तोलाचं आहे.

१८ जुलै
एक राग लिहून ठेवते. मॉरीनला या गोष्टीत मरण्यापलीकडे फारसं काम नाही. जेडचं एक वाक्यसुद्धा मला आठवत नाही. पंजे बाहेर यावेत म्हणून बायका-मुलांना मारायचं, ही अमेरिकन कॉमिक्सची जुनी खोड आहे आणि इतका कसलेला लेखकही तिला शरण गेला. २०१७च्या 'लोगन' चित्रपटात जेम्स मँगोल्डने हे टाळलं. हल्कचे हक्क चित्रपट काढणाऱ्या कंपनीकडे नव्हतेच, पण त्याने सूडही काढून टाकला आणि लोगनला लॉरा दिली, चिडणारी, बापाला जाब विचारणारी मुलगी. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं ते योग्यच झालं.

तरीही पुस्तकाचा पाचवा भाग चित्रपटात नाही, आणि मला चित्रपटापेक्षा पुस्तकच मोठं वाटतं. मुलांच्या हातात हे देऊ नका. मोठ्यांनी जरूर वाचावं, सावकाश, आणि सातव्या भागानंतर एक दिवस मधे सोडून मगच आठवा उघडावा.