सेम सूप?

दोनच शब्द, तेही दुसरीतल्या पोरालाही कळतील असे. दीड वर्ष झालं, अजून कानातून जात नाहीत.

सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे सॅन होजेला आल्या होत्या. कराडच्या, माळकरी, एकादशी चुकवणार नाहीत आणि चातुर्मासात कांदा-लसणाला शिवणार नाहीत. तीन आठवडे डोसे, छोले आणि पिझ्झा खाऊन कंटाळल्या आणि म्हणाल्या, "इथली माणसं काय खातात ते दाखवा की एकदा." आता सॅन होजेत इथली माणसं म्हणजे कोण? १९७५ मध्ये सायगॉन पडलं, त्यानंतर व्हिएतनाम सोडलेली माणसं इथे येत राहिली. आज व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त व्हिएतनामी या गावात राहतात. तेव्हा स्टोरी रोडवरच्या एका साध्या हॉटेलात 'फो' खायला गेलो.

अशी हॉटेलं मला आवडतात, कारण तिथे कुणी खोटं हसत नाही. टेबलावर चमचे आणि काड्यांचा डबा, हिरव्या टोपणाची श्रीराचाची बाटली, न मागता चहाची किटली. पदार्थांना आकडे. बिल कुणी आणून देत नाही, आपणच उठून गल्ल्यावर जायचं. सासूबाईंना ते एकदम एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलासारखं वाटलं, म्हणजे पसंत पडलं.

मेनूवर 'भाज्या आणि टोफूचं नूडल सूप' होतं. तिघांनी तेच घ्यायचं ठरवलं. साठीतले एक काका वही घेऊन आले. मी बोट ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं: नो मीट, नो चिकन, नो फिश. काकांनी प्रत्येक 'नो'ला मान हलवली. वळता वळता विचारलं, "सेम सूप?"

मला वाटलं, तिघांनाही तेच ना, असं विचारतायत. म्हटलं, "येस, येस. सेम." नवरा फोनमध्ये होता.

वाडगे आले. सोबत ताटलीत मोड, लिंबू, मिरच्या आणि जांभळ्या देठाची पानं. सासूबाईंनी एक पान चुरडून हुंगलं. "सब्जा वाटतोय. पण तुळशीच्याच घरातला." मग वाडग्यावर वाकल्या. "अगं, बाद्यान! गोड्या मसाल्याचा वास येतोय बघ." आणि खरंच येत होता. बाद्यान, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, वर भाजलेला कांदा आणि आलं. आपण वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजतो ना, तसाच.

त्यांनी त्यातलं एक पान वाडग्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटून नैवेद्य दाखवला. मग थेंबही न ठेवता सगळं संपवलं. "विचार गं त्यांना कसं करतात ते," म्हणाल्या.

म्हणून गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं. ती खुलली. रात्रभर उकळतात म्हणाली. गाईची हाडं. मी म्हटलं, ते मांसवाल्यांचं, आमचं, भाजीवाल्यांचं? ती म्हणाली, "सगळ्यांना सेम सूप."

तेव्हा काकांचा प्रश्न मला कळला. मी टेबलाकडे पाहिलं. सासूबाई ताटलीत उरलेली पानं रुमालात बांधून घेत होत्या.

रात्री स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. पण तू नीट विचारायला हवं होतंस." मी! आई कुणाची? कुठेही गेलं की 'यात अंडं आहे का, त्यात जिलेटिन आहे का' विचारायला मी, लेबलं वाचायला मी, आणि चुकलं की चुकलेलीही मीच. हा बारा वर्षं इथे राहतोय, फोचा उच्चार 'फो' नसून 'फऽ' आहे हे पाहुण्यांना समजावतो. तो फऽ कशात शिजतो ते त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्या काकांवर मी दोन दिवस चिडले असेन. नवऱ्यावरचा राग अजून संपलेला नाही.

काकांवर चिडू तरी कशी? मी मालवणची. सोडे घातलेली वांग्याची भाजी आमच्याकडे भाजीच. काकांनी तरी वेगळं काय केलं? मी मांस नको म्हटलं, त्यांनी मांस घातलं नाही. रस्सा म्हणजे त्यांच्या लेखी पाणी. आपल्याला पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याची सवय लागलेली असते. इथे तसा ठिपका छापायचं बंधन नाही, आणि वाडग्यावर तर तो कुठेच नसतो. तेव्हा 'व्हेजिटेरियन आहे का?' असं विचारूच नका. 'कशात शिजवलंय?' असं विचारा, आणि मासळीचं पाणी, न्युओक माम, घालता का तेही विचारा. ते जिथे तिथे असतं.

पुढे ऑफिसातल्या व्हिएतनामी मैत्रिणीने खरा शब्द सांगितला: 'चाय'. आपल्या चहाच्या चायसारखाच काहीसा उच्चार, अर्थ मात्र बौद्धांचं शाकाहारी जेवण. तिची आजी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चायच खाते, त्यात कांदा-लसूणही नसतो. म्हणजे या गावात आमच्या सासूबाईंची एकादशी कळणारी माणसं होती, आणि मी त्यांच्याच हॉटेलात 'नो, नो' करत बसले होते.

जायच्या आधी सासूबाईंना एका चाय हॉटेलात नेलं. मुळा, गाजर आणि मशरूमचा रस्सा, सगळं निर्मळ. मला हायसं वाटलं. त्यांनी अर्धा वाडगा ठेवला. "चांगलंय. पण त्या दिवशीची चव नाही गं."

कराडला आता त्या आमटीत बाद्यान टाकतात आणि शेजारपाजारी अमेरिकेतल्या सुपाचं कौतुक सांगतात. मला पाप लागलं असेल का, कुणाला ठाऊक. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, उपास, प्रायश्चित्त, की नुसतं 'विठ्ठल विठ्ठल', याचा मी पुष्कळ विचार केलाय. कधी वाटतं, सांगायला हवं होतं. फोनवर आवाज ऐकला की वाटतं, छे.

मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "त्या हॉटेलात जाता का रे अजून?"

नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "बंद पडलं ते, आई."

बंद वगैरे काही पडलेलं नाही. शनिवारी तिथेच होते. काका वही घेऊन आले, विचारलं, आणि मी मान हलवली.