घोरपडीच्या शेडमधील जुनी इंजिने

साताऱ्याकडून किंवा दौंडकडून रेल्वेने येताना पुणे स्टेशनाच्या अलीकडे घोरपडी लागते. तेथे डिझेल इंजिनांची मोठी शेड आहे. उतरण्याच्या घाईत आपले तिकडे लक्ष जात नाही, पण मुलांना मुद्दाम दाखवावे असे हे ठिकाण आहे.

मुंबई-पुणे मार्गावर विजेची गाडी १९३० च्या सुमारासच आली. मिरजेच्या बाजूला मात्र परवापरवापर्यंत तारा नव्हत्या. शिंदवण्याचा आणि आदर्कीचा घाट कित्येक वर्षे डिझेलनेच ओढला. त्यातले 'डब्ल्यूडीएम-२' म्हणजे रेल्वेचा खिलारी बैलच! १९६२ मध्ये ते अमेरिकेतून आले आणि १९६४ पासून वाराणसीस बनू लागले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. म्हणजे आपल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची ५२० इंजिने एकत्र जुंपल्यासारखे.

अशा इंजिनाचे आयुष्य साधारण ३६ वर्षे धरतात. निम्म्या वयात पतियाळाच्या कारखान्यात त्याची पूर्ण उस्तवार होई. काहींची ताकद ३१०० पर्यंत वाढली आणि नंबरापुढे 'आर' अक्षर लागले. इंजिनाचा मागोवा घ्यायचा तो या नंबरावरूनच. रंग बदलतो, शेड बदलते, नंबर मात्र जनावराच्या डागासारखा कायम. मेल गाडी ओढणारे इंजिन वय झाले की मालगाडीला, पुढे यार्डात शंटिंगला किंवा खडीच्या गाडीला लागते. विहिरीवर विजेची मोटर बसल्यावर आपण जुने इंजिन कडबाकुट्टीला जोडतो, तसेच.

पण तारा भराभर आल्या आणि अंगात दम असलेली इंजिनेही रिकामी झाली. ती भंगारात घालणे म्हणजे दुभती म्हैस बाजार दाखवणे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै २०२० मध्ये भारताने ३३०० अश्वशक्तीची दहा इंजिने बांगलादेशास दिली. त्यांचे २८ वर्षांहून अधिक आयुष्य शिल्लक होते! २०२३ मध्ये आणखी वीस गेली. डिझेल इंजिनातही चाके फिरवतात त्या विजेच्याच मोटरी. डिझेल फक्त जनित्र चालवते. हे ओळखून वाराणसीस दोन जुन्या डिझेल इंजिनांचे ६९ दिवसांत विजेचे जोडइंजिन केले. २०१९ मध्ये ते रुळावर आले, पण हा प्रयोग फार पुढे गेला नाही.

घोरपडीच्या शेडमध्ये आता विजेची इंजिनेही येतात. पुसाच्या शेतीमेळाव्यासाठी दिल्लीस जाणारांनी चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात १८०४० नंबरचे इंजिन पाहावे. अमेरिकेहून आलेल्या त्या पहिल्या खेपेतले ते आहे.