घोड्यावरून ओकावांगो

आमच्या रायडिंग क्लासमधल्या दोघी-तिघी पुढच्या वर्षी बोत्स्वानात घोड्यावरच्या सफारीला जायचं म्हणतात. मी आणि माझी मैत्रीण जाऊन आलो, म्हणून सगळ्या आम्हालाच विचारतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून इथे क्रमाने लिहिते.

आम्ही गेलो ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात. तिथे सगळे त्याला डेल्टाच म्हणतात. ही नदी अंगोलाच्या उंच भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात येते आणि समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. अंगोलात पडलेला पाऊस हळूहळू उतरत इथे पोचतो तो जून-जुलैच्या सुमारास, ऐन कोरड्या थंडीत. आभाळात ढग नसतो आणि मैदानं पाण्याने भरलेली असतात. २०१४ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्या यादीतलं ते १०००वं ठिकाण. या पाण्यात जीप अडकते, घोडा जातो. म्हणून इथे घोड्यावरून फिरतात.

बुकिंग करताना पैशाच्या आधी कॅम्पवाल्यांनी एक फॉर्म पाठवला. वजन किती? दुडक्या चालीत बराच वेळ उठबस करता येते का? कँटरमध्ये घोडा ताब्यात राहतो का? संकट आलं तर भरधाव घोड्यावर टिकाल का? आमच्या कॅम्पला वजनाची मर्यादा ९० किलो होती. मैत्रीण म्हणाली, ‘सगळीकडे हो लिहून टाकू, बघू तिथे गेल्यावर.’ मी फॉर्म तसाच घेऊन आमच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, ‘रिंगणात तुम्ही दोघी ठीक आहात. उघड्या माळावर मी तुम्हाला पाहिलेलं नाही.’

हे अगदी खरं होतं. रिंगणात घोड्याला वळण ठाऊक असतं, कुंपण असतं, मास्तर मध्ये उभे असतात. उघड्यावर यातलं काही नाही. मग सरांनी आम्हाला पुण्याबाहेर एका माळावर न्यायला सुरुवात केली. खाचखळगे, चढउतार, पुढे एक घोडा आणि मागे एक. रिकिबीत उभं राहून कँटर. हे शेवटचं सर्वांत उपयोगी पडलं. शिवाय रविवारी सिंहगड. रोज पाच-सहा तास खोगिरावर बसायचं तर मांड्या आणि पाठ तयार लागते. माथेरानचा घोडा किंवा महाबळेश्वरची रपेट ही तयारी नव्हे.

मग कागदपत्रं. आमचं विमान अदिस अबाबामार्गे होतं. त्यामुळे यलो फीव्हरची लस लागली. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टच्या बरोबरीने लसीचं पिवळं कार्ड मागितलं. डेल्टाच्या भागात मलेरिया आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्याही सुरू केल्या.

विम्याचं नीट वाचा. आम्हाला एजंटने आधी दाखवलेल्या पॉलिसीत घोडेस्वारी साहसी खेळांत धरली होती आणि साहसी खेळ वगळले होते. आम्ही जास्त पैसे भरून दुसरी घेतली. तिच्यात घोडेस्वारी होती आणि जंगलातून विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्चही होता. तेव्हा मला ते पैसे जिवावर आले होते.

सामान २० किलो, हातातली बॅग धरून. बॅग मऊ हवी, चाकं आणि दांडा नको. कारण माउन गावाहून पुढे छोटं विमान असतं आणि त्याच्या पोटात कडक बॅग मावत नाही. वापरलेले बूट आणि चॅप्स धुऊन आणायला सांगितलं होतं. त्या भागातल्या रानम्हशी लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाळगून असतात. तो गावाकडच्या गुरांपर्यंत पोचू नये म्हणून तिथे मैलोन्‌मैल कुंपण घातलंय आणि तपासणी नाक्यांवर बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात.

कॅम्पवर पोचलो तेव्हा दुपार होती. ‘डुमेला, मा,’ म्हणून आमच्या गाईडने हात पुढे केला. तिथे बाईला मा आणि पुरुषाला रा म्हणतात. आम्हीही त्याला रा म्हणायला लागलो. त्याने आधी तबेला दाखवला. घोडे बहुतेक मिश्र जातीचे, थरोब्रेड आणि तिथल्या बुअरपर्डचे. मला मारुला नावाची तपकिरी घोडी मिळाली. अंगाने मोठी, पण डोळा शांत.

त्या मुलखात घोडा जगवणं सोपं नाही, हे तबेला सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं. चिलटांसारख्या बारीक माश्यांमुळे आफ्रिकन हॉर्स सिकनेस होतो. १८५४-५५च्या साथीत दक्षिण आफ्रिकेतल्या एकट्या केप भागात सत्तर हजारांच्या आसपास घोडे मेले होते. आता दरवर्षी लस देतात आणि पावसाळ्यात संध्याकाळ व्हायच्या आत घोडे तबेल्यात घेतात. त्सेत्से माशीचाही त्रास होता. २००१-०२मध्ये विमानांतून फवारणी करून डेल्टातून ती संपवली. हे सगळं ऐकल्यावर मी रोज संध्याकाळी मारुलाचे पाय स्वतः तपासायला लागले. सईस हसायचे, पण तपासू द्यायचे.

त्याच संध्याकाळी छोटी रपेट झाली. ती आमची परीक्षा होती. गाईड पुढे, दुसरा गाईड सर्वांत मागे. पुढच्याकडे रायफल आणि खांद्यावर लांब चाबूक. तो मधूनच वळून एकेकाचे हात आणि टाचा बघायचा. परत आल्यावर त्याने एका बाईंचा घोडा बदलला आणि एका गृहस्थांना सांगितलं, ‘तुम्ही उद्या माझ्या लगेच मागे राहा.’ कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

रात्री जेवणाआधी नियम सांगितले. एका रांगेत चालायचं. गाईडला मागे टाकायचं नाही. ओरडायचं नाही. हत्ती आला तर गाईड सांगेल त्या दिशेला आणि त्या वेगाने जायचं. सिंह दिसला तर अजिबात पळायचं नाही. सगळे घोडे एकमेकांना चिकटून उभे करायचे, तोंडं सिंहाकडे. पळणारा घोडा सिंहाला शिकार वाटतो. प्रत्येक घोड्याच्या गळ्यात एक जादा पट्टा होता. ‘तोल गेला तर लगाम ओढू नका, हा पट्टा धरा,’ असं त्याने दोनदा सांगितलं.

पहाटे कडाक्याची थंडी असते. हाताची बोटं लगामावर वळत नव्हती. दहाच्या सुमाराला जाकीट काढावं लागतं. म्हणून एकावर एक पातळ कपडे घालावेत. रंग मातकट किंवा हिरवट.

घोड्यावरून प्राणी किती जवळून दिसतात हे मला खरंच अपेक्षित नव्हतं. झेब्रे मान वर करायचे, बघायचे आणि परत चरायला लागायचे. त्यांच्या लेखी आम्ही चार पायांचे आणखी काही प्राणी. एकदा जिराफांचा कळप आमच्या बाजूने पळाला आणि आम्ही त्यांच्याबरोबर कँटर केला. एका झाडाखाली चहाला उतरलो, तेव्हा लांब चरणारे इम्पाला लगेच ताठ उभे राहिले आणि निघून गेले. माणूस दोन पायांवर उभा राहिला की ओळखू येतो.

पाण्यात मला भीती वाटली, ते सांगते. मैदानभर गुडघाभर पाणी आणि त्यातून कँटर. शिंतोड्यांनी डोळ्यांपुढचं काही दिसत नाही. लाल लेचवे हरणं आमच्या पुढे उड्या मारत जात होती आणि सगळे हसत होते. मी मानेचा पट्टा घट्ट धरून बसले होते. खोल ओहोळ आला की गाईड थांबायचा आणि काठ बराच वेळ न्याहाळायचा. मगर आणि पाणघोडा दोन्ही तिथे आहेत. पाणी उथळ आणि तळ दिसण्याइतकं स्वच्छ असेल तिथूनच तो उतरायचा. ‘लगाम सैल सोडा, मा. कुठे पाय टाकायचा ते तिला कळतं,’ तो म्हणाला. सैल सोडला. मारुलाने खरंच बघून पाय टाकले. माझे चामड्याचे बूट मात्र सफारी संपेपर्यंत वाळले नाहीत. मैत्रिणीचे सिंथेटिक होते, रात्रीत वाळायचे.

दुसऱ्या दिवसापासून मांड्या सोलवटल्या. आत शिवण नसलेली सायकलची चड्डी, व्हॅसलिन, आणि बायकांनी चांगली स्पोर्ट्स ब्रा. यात काटकसर करू नये. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं. मक्याची उकड, पालेभाजी, घेवड्याची उसळ असं रोज काही ना काही मिळालं.

हत्तींचा प्रसंग ताडाच्या एका बेटावर घडला. पिल्लं असलेला कळप होता, आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे होतो. सगळं ठीक होतं. तेवढ्यात वारा फिरला. एका हत्तिणीने सोंड वर केली, कान पसरले आणि ती आमच्याकडे वळली. गाईडने आवाज न चढवता मागच्याला दिशा सांगितली आणि आम्ही वळलो. आधी दुडकी, मग कँटर, मग भरधाव. मागे झाडं मोडल्याचा आवाज येत होता. माझी उजवी रिकीब सुटली. मी पट्टा धरला आणि गुडघे आवळले. माळावर सरांनी रिकिबीशिवाय बसायला लावलं होतं, ते त्या क्षणी अंगात होतं. हत्तीण थोडं अंतर येऊन थांबली. आम्ही बऱ्याच पुढे जाऊन थांबलो. पाणी प्यायला बाटली काढली तर झाकण उघडेना, हात इतके थरथरत होते. शेवटी मैत्रिणीने उघडून दिली. आईला हे मी पुण्यात आल्यावर सांगितलं.

सिंहाच्या वेळी उलट झालं. सकाळी मारुला एकदम थांबली, कान पुढे. तिच्यापुढचे घोडेही थांबले होते. झुडपाखाली दोन सिंहिणी होत्या, त्यातली एक उठून बसली. आम्ही ठरल्याप्रमाणे घोडे चिकटवून उभे केले. गाईडने चाबूक हवेत फटकारला, गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. सिंहीण मागे सरकली. मग त्याने आम्हाला तिथून चालत नेलं. पळण्यापेक्षा ते हळू चालणं मला जड गेलं. माझी भीती घोडीला कळू नये म्हणून मी मुद्दाम लांब श्वास सोडत होते. रायफल त्याने खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

अपघात झाला तो कुठल्या हिंस्र प्राण्यामुळे नाही. आमच्यात एक जर्मन गृहस्थ होते, आम्हा सर्वांत चांगले स्वार. साध्या सपाट गवतात कँटर चालला होता. त्यांच्या घोड्याचा पुढचा पाय आर्डवार्कच्या बिळात गेला. हा प्राणी वाळवी खातो आणि रात्रीतून मोठाली बिळं उकरतो. गवतात ती दिसत नाहीत. घोडा गुडघ्यावर आला आणि उठला, स्वार खांद्यावर पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

पुढचं काम मात्र फार शिस्तीत झालं. मागच्या गाईडने आम्हाला गोल उभं केलं, पुढच्याने त्यांचा हात रुमालाने गळ्यात बांधला. रेडिओवरून गाडी मागवली. ती येईपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही, पाणीही डॉक्टरशी बोलणं झाल्यावर दिलं. गाडीतून धावपट्टी, तिथून विमानाने माउन आणि पुढे जोहान्सबर्ग. त्यांच्या पत्नी जाताना म्हणाल्या की विम्यात घोडेस्वारी होती म्हणून खर्चाची काळजी नाही. त्या रात्री मी तंबूत माझी पॉलिसी पुन्हा काढून वाचली आणि विमा कंपनीचा नंबर कागदावर लिहून जाकिटाच्या खिशात ठेवला. फोनवर असून उपयोग नाही, रेंज नसते.

दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसायला मन होत नव्हतं. गाईडला तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘आज फक्त चालत जाऊ, तुम्ही माझ्या मागे.’ तो तसाच गेला, सगळ्या गटासकट. कोणी कुरकुर केली नाही. दुपारनंतर मीच म्हटलं, थोडा कँटर चालेल.

आता जायचं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाण्यातून फिरायचं असेल तर जून ते ऑगस्ट बरा. हेल्मेट स्वतःचं न्या, डोक्याला नीट बसणारं. दुसऱ्याच्या मापाचं दिवसभर टोचतं. फॉर्मवर जे येतं तेच लिहा. त्यावरून ते तुम्हाला घोडा देतात आणि गटाचा वेगही ठरवतात. सईसांसाठी बक्षिशीचे सुटे पुला, म्हणजे तिथले पैसे, माउनमध्येच काढून ठेवा.

आणि घोड्यावर बसायची सवय नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तिथे जीप आहे, मोकोरो नावाची होडीही आहे, तिच्यातून डेल्टा निवांत बघता येतो. घोडाच हवा असेल तर निदान वर्षभर आधी शिकायला लागा आणि उघड्या माळावर सरांनी ‘ठीक’ म्हटल्यावरच तिकिटं काढा.