सावंतवाडीचे वाटोळे पत्ते

उन्हाळ्याची सुटी लागली कीं एकत्र कुटुंबांत मुलांचा प्रश्न उभा राहतो. सकाळीं आंबे, दुपारीं पत्ते आणि सायंकाळीं भांडणें हा क्रम आठ दिवस चालला म्हणजे वडील मंडळी शाळा उघडण्याची वाट पाहूं लागते. गेल्या मे महिन्यांत पांच मुलें बरोबर घेऊन आम्ही सावंतवाडीस गेलों, तें अंशतः या त्रासास कंटाळून. दुसरें कारण माझा पुतण्या. 'हा मासा कीं भोपळा?' असें वर्गांत सर्वांदेखत त्याच्या चित्राविषयीं विचारण्यांत आलें आणि त्या दिवसापासून रंगाची पेटी कपाटावर गेली ती खालीं आलीच नाहीं.

मोती तलावाच्या कांठचा राजवाडा, चितारआळींतील लांकडी फळें आणि खेळणीं यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मुलींनीं भातुकली घेतली, मी पैसे मोजले, एवढें सांगून पुढें जातों. खरें पाहण्याजोगें आहे तें राजवाड्याच्या दरबारांत. तेथें कलावंत खालीं बसून गंजिफा रंगवितात.

गंजिफा म्हणजे वाटोळे पत्ते. बाबरानें 1527 सालीं सिंधच्या शाह हसनाकडे ते पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आपल्याकडे त्यांत दशावतार अवतरले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानें, मिळून 120. मत्स्याचें चिन्ह मासा, परशुरामाचें परशु. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्यानें प्रथम उतरावयाचें, रात्रीं हा मान कृष्णाकडे. ही कला नष्ट होण्याच्या बेतांत असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं 1970 नंतर तिला पुन्हा उभें केलें. राणीसाहेब स्वतः शिकून रंगवीत असत.

पुतण्या मत्स्याची पानें पाहत बसला. त्यानें बेरीज केली: एकापासून दहापर्यंत पंचावन्न मासे. मग हळूच म्हणाला, "काका, हे एकसारखे नाहींत!" कलावंतानें कुंचला न थांबवितां उत्तर दिलें, "पंचावन्न काढून बघ बाळा, मग मला सांग."

दुसरे दिवशीं कुडाळाजवळील पिंगुळीस गेलों. तेथील ठाकर समाजानें चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जतन केल्या आहेत. परशुराम गंगावणे यांस त्याबद्दल 2021 सालीं पद्मश्री मिळाली. त्यांचें संग्रहालय गाईंच्या जुन्या गोठ्यांत सुरू झालें. एक चित्र पुढें धरावयाचें, कथा गावयाची, मग पुढचें चित्र. आमचीं मुलें तास दीड तास हाललीं नाहींत, ही गोष्ट ज्यांना हीं मुलें माहीत आहेत त्यांना खरी वाटणार नाहीं.

घरीं आल्यावर कारखाना सुरू झाला. महागड्या साहित्याच्या नादीं कोणीं लागूं नये. जुनें धोतर आणि चिंचोके पुरतात. मातोश्रींनीं चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून खळ शिजविली. कापडाचे थर तिनें एकावर एक चिकटविले. पहिली खळ पातळ झाली व सर्व पानें पापडासारखीं वळलीं. दुसरीं पाट्याखालीं दाबलीं, तर मुंग्यांनीं कडा खाल्ल्या. तिसऱ्या खेपेस मातोश्रींनीं खळींत थोडा मोरचूद टाकला आणि त्या पातेल्यास कोणीं हात लावूं नये म्हणून स्वतः राखण केली. कुंकवाच्या करंड्याचें झाकण ठेवून वर्तुळें आंखलीं. एकशेंवीस पानांची हांव धरूं दिली नाहीं. एका रंगाचीं बाराच. राजा पुतणीनें काढला. त्याला आजोबांचा चष्मा आहे. प्रधानावरून दोन दिवस अबोला झाला, तो येथें सांगत नाहीं.

मासे मात्र पुतण्यानें कोणास काढूं दिले नाहींत. पहिला खरोखरच भोपळ्यासारखा होता. तो त्यानें पुसला नाहीं. शाळा उघडली तेव्हां सात पानें पुरीं झालीं होतीं आणि आठव्यावर तीन मासे होते. तें पान माझ्या टेबलावर, रंगाच्या पेटीशेजारीं आहे. दिवाळीच्या सुटीपर्यंत तेथून तें कोणीं हलवूं नये अशी सर्वांस सक्त ताकीद आहे.