तंबूतला ताळेबंद

जर्मनीत मोझेल नदीकाठी कोखेम नावाचे गाव आहे. मेव्हण्याने दिलेला तंबू घेऊन आम्ही उभयता तिथे दोन रात्रींसाठी गेलो. हॉटेलचे भाडे वाचले, म्हणून माझ्यातला कारकून खूश! पहिल्याच रात्री धो धो पाऊस. तिथल्या टेकडीवरचा किल्ला १६८९ साली फ्रेंच फौजांनी उडवला, तो जवळजवळ दोनशे वर्षांनी बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने पुन्हा उभा केला. आमचा तंबू बाराला पडला, तो पडलाच. मग एका छत्रीखाली बसून उजाडेपर्यंत बोलत राहिलो.

‘‘अठरा वर्षांत पहिल्यांदाच एवढं बोललात हो माझ्याशी!’’ ही म्हणाली.

भाड्याची बचत मी केव्हाच जमेला धरली होती. हे वाक्य कुठल्या खात्यावर टाकावे, ते मात्र अजून सुचलेले नाही.