चहा पिणारा बेडूक

सकाळची गर्दी ओसरल्यावर भाईंदरहून निघालं की बसायला जागा मिळते आणि मांडीवरची पिशवी सांभाळता येते. माझ्या पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळलेला मातीचा बेडूक होता. तीन पायांचा, तोंडात नाणं धरलेला, जांभळट तपकिरी रंगाचा. भाच्याने तो चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यिशिंगहून आणला होता. मीरा रोड मागे पडून दहिसरच्या अलीकडची खारफुटी दिसू लागली, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलंच, "देव आहे का हो?" म्हटलं, नाही, हा चहा पितो.

थट्टा नव्हती ती. चिनी पद्धतीत छोट्या किटलीत पानं घालून पहिलं गरम पाणी ओततात, ते पीत नाहीत. त्या पाण्याने पानं धुतली जातात, पेले गरम होतात आणि मग ते फटींच्या ट्रेवर बसलेल्या मातीच्या प्राण्यांच्या अंगावर जातं. पेल्यात उरलेला चहाही त्यांनाच. बेडूक, डुक्कर, हसरा बुद्ध, भुईमुगाची शेंगसुद्धा असते. यिशिंगच्या या मातीला झिशा म्हणतात. ती खरं तर दगडासारखी खाणीतून निघते, उन्हापावसात फोडून, दळून, चाळून मग मळतात आणि साधारण 1100 ते 1200 अंशांवर भाजतात. झिलई देत नाहीत. त्यामुळे चहा अंगात मुरतो, वर्षं जातील तसा रंग गडद होतो आणि हाताखाली मंद तकाकी येते. ही तकाकी दुकानात विकत मिळत नाही, माणसाने रोज चहा पाजूनच ती आणायची, म्हणून मला हा बेडूक मोलाचा वाटतो.

तो एकटा होता. त्याला मुंबईच्या मातीचा सोबती करून घ्यावा, असं मनात होतं, म्हणून धारावीचा कुंभारवाडा. पण आधी माझगाव.

अंधेरीला हार्बरची गाडी धरली. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, आणि डॉकयार्ड रोड. नवाब टँकजवळ चिनी लोकांचं सी यप मंदिर आहे, 1919 सालचं. ग्वांगडोंगमधल्या चार तालुक्यांतून आलेल्या, बोटींवर आणि गोदीत राबणाऱ्या लोकांनी ते उभारलं. 1962 च्या युद्धानंतर मुंबईतली चिनी वस्ती विरत गेली, मंदिर मात्र टिकलं. बाहेरून घरासारखीच इमारत. आत लाल रंग, उदबत्तीचा वास आणि ग्वान गोंग, तिसऱ्या शतकातला सेनापती, पुढे देव झालेला. तिथे मी बेडूक बाहेर काढला नाही. देवापुढे ठेवायची वस्तू ती नव्हे, हे तिथे उभं राहिल्यावर फार स्पष्ट जाणवलं. देवापुढे माणूस मागणं मांडतो. चहाच्या ट्रेवरच्या प्राण्यापुढे कोणी काही मांडत नाही, त्याला नुसता आपल्यातला घोट द्यायचा.

दोन्हींच्या मधली एक जुनी हकिगत आहे, ती मला फार आवडते. चहावरचा पहिला ग्रंथ लिहिणारा लू यू, इ.स. 733 ते 804. तांग काळातल्या नोंदींत आहे की गोंगश्येनचे कुंभार त्याच्या नावाच्या बाहुल्या घडवत. चहाची काही डझन भांडी घेतली की एक लू यू फुकट. आणि धंदा बसला की व्यापारी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचे! बाराशे वर्षांपूर्वीची ही मातीची माणसं आजच्या बेडकाची पूर्वज असावीत, असं मी मनाशी धरून आहे.

परतीला माहीमला उतरून पूर्वेला चालत गेले. कुंभारवाड्याच्या गल्ल्यांत शिरलं की आधी धूर भेटतो. इथल्या विटांच्या भट्ट्या चिंध्यांवर आणि कापसाच्या कचऱ्यावर पेटतात. सौराष्ट्रातून आलेली प्रजापती घराणी गेल्या शतकाच्या तिशीपासून इथे आहेत. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा चालू असताना या भट्ट्यांचं काय होणार, ही काळजी मला तिथे वावरताना सोडत नव्हती. दारोदारी पणत्या सुकत होत्या.

एका वयस्कर काकांच्या हातात बेडूक दिला. त्यांनी नखाने टिचकी मारली, आवाज कानाशी ऐकला. "पक्का भाजलाय, ताई. आमच्यापेक्षा जास्त आग." मग उलटा करून पोटाखालचं छिद्र बघितलं आणि समाधानाने मान हलवली. आत पोकळी ठेवली नाही, हवेला वाट दिली नाही, तर भट्टीत मूर्ती तडकते. त्याच छिद्राचा चिनी कुंभारांनी खेळ केला आहे. पोकळ बाहुली आधी गरम, मग गार पाण्यात बुडवायची, ती आत पाणी ओढून घेते. वरून उकळतं पाणी ओतलं की आतली हवा फुगते आणि बाहुलीतून पाण्याची धार उडते. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी नातवाला हाक मारून ऐकवलं.

मला बैल हवा होता. आपल्याकडे मातीची मूर्ती म्हणजे पाहुणी. पोळ्याचे बैल, शाडूचा गणपती, पूजा झाली की पाण्यात. कच्ची माती विरघळावी म्हणूनच कच्ची ठेवतात, आणि त्या निरोपाची गोडी मला ठाऊक आहे. पण दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आम्ही खोक्यात जपून ठेवायचो, दरवर्षी तेच, कोणाची ढाल गेलेली, कोणाचा रंग उडालेला. ते घरातले होते. बैल तसा हवा, भाजलेला, राहणारा.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या, आल्याचा, दाट दुधाचा. काका हसून म्हणाले, "ह्याला पण पाजू का?" घाईने नको म्हटलं. दुधाची साय मातीच्या छिद्रांत बसते आणि आंबते. त्याला कोराच चहा लागतो. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. "दह्याच्या मडक्यात कोणी पाणी भरत नाही," एवढंच ते म्हणाले.

मग व्यवहाराचं बोलणं झालं. बैल मुठीएवढा, वशिंड ठसठशीत, छिद्र पोटाखाली, रंग किंवा वॉर्निश अजिबात नाही. इथली आग यिशिंगपेक्षा मंद, म्हणून तो बेडकाहून जास्त चहा पिईल आणि लवकर गडद होईल, असा माझा अंदाज. काका म्हणाले, एक नाही, दोन भाजतो, एखादा तडकला तर. दुसरा टिकला तर त्यांच्याकडेच राहील, आणि काकी त्याच्यापुरता कोरा चहा बाजूला काढायला तयार आहेत.