पायाखालचे रान

रान म्हटले की मान वर जाते. मला मात्र खाली पाहण्याचा छंद! आमच्या कोकणातल्या देवराईत पाचोळा बाजूला सारला की आधी सुकी पाने, मग बुरशीने विणलेला कुजका पाला, त्याखाली काळसर भुसभुशीत माती आणि तळाशी तांबडा जांभा.

या थरांवरूनच मातीची जात ठरते. खडक, हवामान, सजीव, चढउतार आणि काळ या पाचांचे माती हे अपत्य, हा विचार रशियाच्या दोकुचायेव्हने १८८३ च्या सुमारास रुजवला. आमच्याकडे पावसाने खडकातला चुना, सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले. बुकाननने १८०७ मध्ये जांभ्याला ‘लॅटेराइट’ म्हटले, ते विटेच्या लॅटिन नावावरून. अशा विटेवर रान उभे आहे ते त्या काळ्या थराच्या जिवावर!

शेजारचा डोंगर तोडला, तेव्हा पहिल्याच पावसात व्हाळ तांबडा झाला. आजोबा एवढेच म्हणाले, “झाडं लावशील रे, माती कुठून आणशील?”

त्या डोंगरावर आता काजूची रोपे आहेत. मी मात्र त्यांच्या बुडाशी पाचोळा किती साठला, तेच पाहतो.